विमलबाईंच्या सुराची पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो, आणि मी बेसुरी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या किन्हीराजा गावात कुणालाही विचाराल तर उलटंच ऐकाल.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका दुकानात झाला. सागवानी अंग, आत पितळी पात्यांचे सूर, मागे भाता. आगगाडीने मी जऊळक्याला उतरले आणि तिथून गावच्या गायन पार्टीने मला बैलगाडीत घालून बुद्धविहारात आणलं. माणिकराव पार्टीचे पुढारी, देवमन मला वाजवणारे आणि विमलबाई गाणाऱ्या. जयंतीच्या महिन्यात आम्ही गावोगाव भीमगीतं म्हणत हिंडायचो. विमलबाईंनी आवाज लावला की जायला निघालेली माणसंही परत खाली बसायची. तेव्हाची माझी ऐट काय सांगू! देवमन मला रोज पुसायचे आणि मऊ धोतरात गुंडाळून ठेवायचे.

मग एका हिवाळ्यात विमलबाईंचा घसा धरला. दुखणं गेलं, पण आवाज जरासा उतरला आणि माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसला. कुठलीही पट्टी धरली तरी त्यांची ओढाताण व्हायची. बाईंचं मन मोडू नये म्हणून देवमननी कुणाला न सांगता माझं झाकण काढलं आणि कानशीने एकेक सूर घासून त्यांच्या आवाजाशी आणून बसवला. बाईंना वाटलं, आवाज परत आला. मला दुखलं खरं, पण असा जीव लावणारा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं मी तेव्हा मानत होते.

पंचाहत्तर साली जयंतीच्या आधी माणिकरावांनी भोंगा आणि माईक आणले. रिसोडहून मदनसिंग नावाचे अकॉर्डियनवाले बोलावले. पहिल्या कार्यक्रमाआधी सगळं जोडून बघायची तालीम विहाराच्या ओट्यावर ठरली. भोंगा लिंबावर चढला. माईकने आधी शिट्टी मारून सगळ्यांच्या कानठळ्या बसवल्या, मग शहाण्यासारखा बोलू लागला. विमलबाईंनी माझा सूर धरून गाणं उचललं, अकॉर्डियन वाजलं, आणि जे काही बाहेर पडलं ते ऐकून ढोलकीवाल्याने हातच आखडला. आजवर माझ्याशेजारी दुसरं सुराचं वाद्य कधी बसलंच नव्हतं. ढोलकीही माझ्याच सुराला लावून घ्यायचे.

"बाई, तुमी खाली जाऊन राह्यल्या," मदनसिंग म्हणाले.

"मी त पेटीच धरून गाऊन राह्यली, भाऊ."

"मंग पेटीबी उतरली."

माणिकराव वळले. "देवमन, पेटी तुह्याच ताब्यात हाय. काय झालं तिले?"

एका वाक्याचं काम होतं. पण पार्टीची पेटी परस्पर घासली म्हटल्यावर आपल्याला काढून टाकतील, ही भीती देवमनना आडवी आली.

"पेटी जुनी झाली," ते म्हणाले. "अन् बाईचा आवाजबी आता पह्यलेसारखा नाई राह्यला."

भाता हलल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि भाता त्यांच्याच हातात होता. विमलबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि त्या ओट्यावरून उतरल्या. त्यांची जागा पार्टीतल्या दुसऱ्या गाणाऱ्या बेबीताईंना मिळाली. मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. ठेवताना देवमननी मला नेहमीसारखं पुसलं. त्या पुसण्याचा जितका राग आला, तितका कानशीचाही आला नव्हता.

जयंतीला बाहेर भोंगा वाजत असताना विमलबाई त्या खोलीत आल्या. माझ्यावर गुंडाळलेलं धोतर सोडून त्यांनी भाता हलवला आणि हलक्या आवाजात गायल्या. आमचा सूर तंतोतंत जुळला. त्या थांबल्या. भोंग्यातल्या अकॉर्डियनकडे कान दिला, पुन्हा मला वाजवलं. मग त्यांनी माझं झाकण उचललं आणि पितळेवरचे कानशीचे ओरखडे बोटाने चाचपत गेल्या.

"देवमनभाऊ," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, "माह्यासाठी एवढं केलं, मंग तेवढं सांगाले काय झालतं?"

मित्रांनो, वाद्यावर धूळ बसू देऊ नका, भात्याला उंदीर लागू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागते. ज्याला जीव लावलात त्याच्यावर चारचौघांत आळ आला, तर तोंड उघडा. नंतर पुसत बसू नका.