जाड पाकिटं

पगार हातात पडला की सून त्याची पाच पाकिटं करायची: भाडं, किराणा, वीज, सासूची औषधं आणि अडीनडी. एका पाकिटातला पैसा दुसऱ्याला लावायचा नाही, हा तिचा कडक नियम. लावलाच, तर ज्यातून काढला त्यात चिठ्ठी टाकायची: 'विजेला उसने दिले.'

मग नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, तिच्या शिलाई मशीनची मोटर जळली, आणि पाकिटं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. अडीनडीचं पाकीट तर सगळ्यांचं माहेरच झालं.

"आपलेच पैसे, चिठ्ठ्या कसल्या टाकतेस?" नवरा वैतागायचा.

"परत ठेवायचेत म्हणून," ती फणकारायची.

आज औषधं आणायला तिने पाकिटांचा डबा उघडला. शेजारी बसलेल्या सासूला आता धड दिसत नव्हतं. सासूने एकेक पाकीट चाचपून पाहिलं. सगळी चांगली टम्म फुगलेली.

"बरंच साठवलंस की गं," सासू समाधानाने म्हणाली. "मग या खेपेला गोळ्या पूर्ण महिन्याच्या आण. अर्धी अर्धी मोडून खायचा कंटाळा आला बाई."

"हो आई," सून म्हणाली, आणि सासूला ऐकू जावं म्हणून एकेक चिठ्ठी नोटेसारखी मोजायला लागली.