फरशीवाल्याचा टब आणि साहेबांचे आजारपण

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. फरशा भिजवायचा, अंघोळीचा नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण मला पाहून लोक हमखास चुकतात.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी गडद निळा होतो. आता ऊन खाऊन खाऊन फिका झालो आहे. मला घरी आणले ते एका फरशीवाल्याने. भिंतीला टाइल लावण्यापूर्वी ती पाण्यात भिजवावी लागे. नाहीतर ती सिमेंटमधले पाणी पिऊन टाकते आणि पुढे सुटून पडते. टाइल माझ्यात सोडली की तिच्यातून बारीक बुडबुडे निघत. ते थांबले की फरशीवाला म्हणे, "झालं हिचं पोट भरून." मग ती भिंतीवर चढे. किती स्वयंपाकघरे आणि किती न्हाणीघरे आम्ही दोघांनी उजळली! माझ्या पोटातून गेलेली एकही टाइल भिंतीवरून सुटली नाही, ठोकल्यावर पोकळ वाजली नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. त्या काळी त्याला आकडे लिहिता येत नसत. म्हणून त्याने माझ्या आत खिळ्याने रेघा ओढल्या. पाच लिटरला एक, दहाला दोन, पंधराला तीन. त्या रेघा मी दागिन्यासारख्या मिरवतो.

पुढे न भिजवता लावायच्या टाइल आल्या. फरशीवाल्याचे गुडघेही कुरकुरू लागले. तो घरी बसला आणि मी गच्चीवर गेलो. तिथे माझ्यात वाळकी पाने, एक फुटका चेंडू आणि एक चप्पल राहायला आली. दुसरी चप्पल कुठे होती, देव जाणे.

फरशीवाला आता आजोबा झाला होता. त्याच्या नातीकडे काचेची टाकी होती आणि टाकीत एकच सोनमासा. पोट पुढे काढून, जणू कामाची पाहणी करत तो टाकीभर फिरे, म्हणून त्याचे नाव साहेब. आजोबांनी साहेबांसाठी टाइलच्या उरलेल्या तुकड्यांची छोटी गुहा केली. बाहेरून अशी गुळगुळीत की बघत राहावे. आतल्या कडा मात्र घासल्या नाहीत.

"आतलं कोण बघतंय?" ते म्हणाले. चाळीस वर्षे लोकांच्या घरांतल्या कडा घासणारा माणूस!

आतले बघितले ते साहेबांनी. एका सकाळी ते गुहेतून निघाले ते कूस फाडून घेऊनच. एका बाजूचे खवले उडाले होते, एक पर चिरला होता. ते तळाशी कलते पडून राहिले.

"आबा, गुहा तुम्ही केलीत ना?" नात एवढेच म्हणाली आणि तिने आजोबांशी बोलणेच टाकले.

आजोबा तसेच रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "काका, मोठ्या, साध्या भांड्यात ठेवा त्याला. आत दगड नको, वाळू नको. माशांचं मीठ द्या, दहा लिटरला दोन सपाट चमचे, आधी विरघळवून. रोज थोडं पाणी काढून दिवसभर उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी घाला. जेवढं पाणी नवं, तेवढ्याचंच मीठ नवं. आणि मनाने औषधं ओतत बसू नका."

मोठे, साधे भांडे! आजोबा थेट गच्चीवर आले.

"अहो, त्या चपलेच्या टबात?" आजी खालून ओरडल्या.

आजोबांनी मला उन्हात धरून खसाखसा घासले. साबण हातात घेतला, तोच नात आली. बोलली नाही, पण साबण हिसकावून घेऊन गेली. साबणाचा अंशही माशाला सोसत नाही, हे तिला ठाऊक होते. मग नुसत्या पाण्याने मला सात वेळा खंगाळले. टाकीतलेच पाणी दहा लिटरच्या रेघांपर्यंत भरले, दोन चमचे मीठ विरघळवून घातले, हवेच्या पंपाची नळी सोडली आणि साहेब माझ्यात उतरले. मित्रांनो, हजारो टाइल मी पोटात घेतल्या, पण धडधडणारे काही प्रथमच घेतले.

माझ्या फिक्या रंगापुढे साहेबांची जखम स्पष्ट दिसे. आजोबा दर तासाला डोकावत. शेजारी म्हणाला, "काय फरशीवाले, आज भिजवताय, उद्या भिंतीला लावणार वाटतं!" आजोबा हसले नाहीत.

आजी म्हणाल्या, "मला टायफॉइड झाला तेव्हा इतक्यांदा डोकावला नाहीत."

"तू बरी होणार हे माहीत होतं," आजोबा म्हणाले. "ह्याचं माहीत नाही."

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंप बंद पडला आणि बुडबुडे थांबले. जन्मभर बुडबुडे थांबणे म्हणजे काम फत्ते, हेच मला ठाऊक होते. त्या दिवशी मात्र बुडबुडे थांबणे म्हणजे साहेबांची हवा थांबणे होते. साहेब वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. आजोबा कुरकुरत्या गुडघ्यांवर बसले. मगाने पाणी उचलायचे, कडेने वीतभर उंचीवरून बारीक धारेने सोडायचे, की हवा मिसळते. उचलायचे, सोडायचे. शाळा सुटून नात आली तेव्हाही ते तेच करत होते.

ती दप्तरासकट खाली बसली.

"आबा, द्या इकडे तो मग. तुमची धार वाकडी पडतेय."

"चार दिवसांनी बोललीस, तेही खोट काढायला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

वीज आली. दहाव्या दिवशी कुशीवरची लाली गेली. सोळाव्या दिवशी साहेबांनी पाण्यातल्या माझ्या रेघांची पाहणी केली आणि ते टाकीत परतले. कुशीवर एक डाग राहिला, पण ऐट तीच.

आजोबांनी गुहा बाहेर काढली आणि घासायच्या दगडाने आतली एकेक कड घासली. मग नातीच्या हातात कापूस दिला. "फिरव. कुठं अडकला तर सांग." तिने आत, वर, खाली फिरवला. कापूस अडकला नाही. तेव्हाच गुहा पाण्यात गेली.

मग तोच कापूस तिने माझ्या काठावरून फिरवला. तीन ठिकाणी अडकला. जुन्या सिमेंटचे कण होते. आजोबांनी तेही घासले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या काठावरून कापूस कोणी फिरवला नव्हता.

आता मी टाकीशेजारीच असतो, कोरडा आणि पालथा, बोलावणे आले की तयार. तुमच्या घरी मुका जीव असेल, तर असे एक भांडे त्याच्यासाठी राखून ठेवा, त्यात साबण जाऊ देऊ नका. आणि त्याच्यासाठी काही बांधाल, तर आतली कड आधी घासा. ती आपल्याला दिसत नसली, तरी राहणाऱ्याला लागते.