सिस्टरांच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नौका आहे. पाण्यावर चालणारी नव्हे. हातभर लांबीची, तीन डोलकाठ्यांची, काचेच्या पेटीत राहणारी. माझे खूप कौतुक झाले आहे. पण ते आठवले की मला अभिमान वाटत नाही, मान खाली जाते. का, ते सांगते.

मला घडवणारे काका लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना लाकडाचा नाद लागला. घर लहान, जागा एकच: खिडकीजवळचे जेवणाचे टेबल. त्यावर त्यांनी आधी माझा कणा ठेवला, मग एकोणीस बरगड्या बसवल्या. पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, हलक्या हाताने वाकवून, एकेक करत त्या बरगड्यांवर चिकटवल्या. सरस वाळेपर्यंत पट्टी हलू नये म्हणून घरातले कपड्यांचे सगळे चिमटे माझ्या अंगावर लावले. तिकडे दोरीवरचे ओले कपडे वाऱ्याने खाली!

काकांच्या पत्नीने तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सचे काम केले होते. बिल्डिंगमधले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"अहो, जेवायचं कुठे? तुमच्या जहाजावर?" त्या विचारत.

"चारच दिवस गं."

त्या चार दिवसांचे सात महिने झाले. दोघे ताट मांडीवर घेऊन जेवू लागले.

मग दोरांचे काम आले. डोलकाठ्या ताणून धरणाऱ्या दोऱ्या बांधताना काकांची जाड बोटे अडखळू लागली. लिफ्टचा लोखंडी दोर ओढणारा हात तो; माझी दोरी केसासारखी. तीन दिवसांत दोन काठ्या मोडल्या. चौथ्या दुपारी सिस्टर चष्मा पुसत आल्या.

"सरका जरा. तीस वर्षं टाक्यांचा दोरा हाताळलाय मी."

त्यांनी कपाटातून शस्त्रक्रियेचे दोन निमुळते चिमटे काढले. एकाने दोरी धरायची, दुसऱ्याने वेढा द्यायचा, ओढायचे, टोक कापायचे. अडीच महिने रोज दुपारी हेच चालले. आठशेच्या वर गाठी मारल्या त्यांनी. माझी शिडेसुद्धा त्यांनीच जुन्या अभ्र्याची शिवली. काका शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देत. एखाद्या दिवशी दोघे खूप बोलत, एखाद्या दिवशी अजिबात नाही. तसे सुख मला नंतर मिळाले नाही.

मी पुरी झाले आणि काकांनी मला हौशी मंडळींच्या प्रदर्शनात नेले. बसमध्ये सिस्टरांनी मला मांडीवर धरले होते. परीक्षक म्हणून एक म्हातारे कप्तान आले होते. त्यांनी भिंगातून मला पाहिले, पुन्हा पाहिले.

"फळ्या चांगल्या बसल्यात. पण हे दोर! अशी गाठ मी आजवर बघितली नाही. हात कुणाचा हा?"

सिस्टर काकांच्या मागेच, माझ्या पेटीचे झाकण धरून उभ्या होत्या.

"माझाच," काका म्हणाले.

एकच शब्द. तो निसटला की मुद्दाम उच्चारला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. टाळ्या पडल्या. पहिले बक्षीस मिळाले, काकांच्या नावाची पितळी पाटी मिळाली. मला वाचा नाही, हे खरे. पण वाचा असती तरी त्या क्षणी मी बोलले नसते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते फार आवडत होते. गाठी मारणारी बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिच्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही.

घरी येऊन सिस्टरांनी चिमटे धुतले, पुसले आणि कपाटात ठेवून दिले.

काकांनी दुसरी नौका करायला घेतली. दोरांचे काम आल्यावर म्हणाले, "अगं, जरा बघतेस का?"

"हात तुमचाच आहे ना? चालवा."

ती नौका दोन वर्षे तशीच पडून राहिली. पाहुणे माझी स्तुती करू लागले की काका चहा टाकायला उठत. शेवटी एकदा त्यांना राहवले नाही.

"पाटी बदलून आणतो. तुझंही नाव घालतो."

"पाटीचं काय करायचंय मला? ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर बोला."

पुढच्या प्रदर्शनाला काका मला घेऊन एकटेच गेले. सिस्टर आल्या नाहीत. भरल्या सभागृहात काका माझी पेटी हातात घेऊन उभे राहिले.

"मी खोटं बोललो होतो. हे दोर माझ्या बायकोने बांधलेत. मी नुसतं मेण लावून दिलं." त्यांनी बक्षीस परीक्षकांच्या टेबलावर परत ठेवले.

कप्तानांनी एवढेच विचारले, "मग आज त्यांना का नाही आणलंत?"

काकांनी पेटी उचलली आणि सरळ घरची बस धरली. घरी येऊन त्यांनी सिस्टरांना सगळे जसेच्या तसे सांगितले. मग काका हळूच म्हणाले, "बांधून देऊ नकोस. मला शिकवशील?"

"आधी हात धुऊन या," सिस्टर म्हणाल्या.

आता रोज दुपारी काका दुसऱ्या नौकेला गाठी मारतात. जाड, वाकड्या गाठी. सिस्टर शेजारी बसून चुकलेली गाठ निमूटपणे कापून टाकतात आणि म्हणतात, "पुन्हा." कधीमधी हसतातही. माझ्या दोऱ्यांना मात्र त्यांनी परत हात लावलेला नाही. मला वाटते, तो राग माझ्या वाट्याचा आहे आणि तो रास्त आहे.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या कामाला कुणाचा हात लागला असेल, तर त्या माणसाचे नाव त्याच्यादेखत, चारचौघांत, विचारल्याबरोबर घ्या. उशिरा घेतलेले नावही पोचते, हे मी पाहिले आहे. पण मधली वर्षे कुणाला परत देता येत नाहीत.