राहून गेलेला चौकोन

मी एक जुना आराखडा आहे, मित्रांनो. कागदावरचा नव्हे, संगणकातला. चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण, एवढंच माझं शरीर.

मला ताईंनी रेखाटलं. शेअर बाजारात खरेदी-विक्री करणाऱ्या एका छोट्या कचेरीत त्या होत्या. शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा, असा एकेक नियम त्यांनी एकेका चौकोनात बसवला. यंत्र मला वाचून स्वतःच प्रोग्राम लिही आणि तो प्रोग्राम दिवसभर सौदे करी. कचेरीचा दंडक एकच : बदल करायचा तो माझ्यात, प्रोग्रामला हात लावायचा नाही. तेव्हा माझा काय थाट होता! भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मला उघडत. तिथले सगळ्यात जाणते दलाल, ज्यांना सारे मामा म्हणत, ते म्हणायचे, "पोरी, यात मला माझंच डोकं दिसतंय गं!"

पुढे ताईंनी दुसरीकडे नोकरी धरली. गरज सरो, वैद्य मरो! मला कुणी उघडेना. शेजारी प्रोग्रामची वर्दळ चाले. मला सगळं ऐकू येई, पण बोलता येत नसे. फार एकटं वाटे.

एकदा बाजार धाडकन कोसळला. माल स्वस्त झाला असं धरून प्रोग्राम घेतच सुटला. मामांनी घाईघाईने प्रोग्राममध्येच नियम घातला : भाव फार वेगाने पडला, तर थांबा.

"मामा, आराखड्यातही घालायला हवं ना?" हिशेबनीस बाईंनी विचारलं.

"उद्या बघू. आग विझली ना?"

तो उद्या काही उजाडला नाही.

मग नवे संगणक आले. प्रोग्राम नव्याने लिहायला यंत्र माझ्यापाशी आलं. तो नियम मी ऐकला होता, पण माझ्यात त्याचा चौकोनच नव्हता. कुणीतरी मला उघडा हो, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. जुना प्रोग्राम पुसला गेला, त्याबरोबर मामांचा नियमही.

बाजार पुन्हा पडला आणि प्रोग्राम घेतच राहिला. मामांनी कचेरीत लावलेली म्हातारपणाची पुंजी त्यात बुडाली.

"अरे, मी थांब म्हणून सांगितलं होतं ना!" मामा पुटपुटत होते.

बोलावणं गेलं म्हणून ताई आल्या. त्यांनी मला उघडलं, नीट पाहिलं. "सांगितलंत मामा, पण याला नाही सांगितलंत." त्यांनी 'थांबा'चा चौकोन काढला आणि त्या परत गेल्या. पुन्हा मी बंद.

मामांना आता घरी बसणं परवडत नाही. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी काम करतात. आज सकाळी कुणीसं म्हणालं, "बारीकसा तर बदल आहे, प्रोग्राममध्येच घाल. आराखडा कोण उघडत बसतंय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी उघडतो," मामा म्हणाले.

मित्रांनो, फांदीवर मलमपट्टी करून मुळाला विसरू नका. आम्हाला जेवढं सांगाल, तेवढंच आम्ही पुढे सांगू शकतो.