पेलाभर रस, किलोभर भाजी

"साडेसात!" आलिया सिस्टरनं रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आरतीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "मागं आलीस तवा रक्त दहा होतं की गं. खायलीस काय तू?"

आरती माझी सून. सातवा महिना. मुरुडच्या दवाखान्यात मी तिच्या शेजारीच बसले होते.

"खाते की सगळं."

"भाजी?"

माझ्या हातातली जपमाळ थांबली.

नातवंड सुखरूप यावं म्हणून आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर मी पालेभाजी सोडली होती. नेम माझा, पण चूल एकच, म्हणून आरतीच्या ताटातूनही मेथी गेली, तांदुळजा गेला. भजनी मंडळात ऐकलं होतं, गव्हांकुराचा पेलाभर रस म्हणजे किलोभर भाजीचं सत्त्व. गहू काही भाजी नव्हे. नेम राहील, पोरीचं पोषणही होईल, असं मी मनाला पटवलं. रोज कुंडीतलं गवत कापून, वाटून, गाळून पाजलं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणाली, तर म्हटलं, "राहू दे, रस हाय की."

"मलाच भाजी आवडत न्हाई, सिस्टर," आरती म्हणाली. "आत्या लई म्हणतात, खा म्हणून."

लेकरू माझ्यासाठी खोटं बोलत होतं. आणि सकाळी पोथी वाचून आलेली मी ते ऐकून घेत होते.

"न्हाई सिस्टर." मी जपमाळ पिशवीत ठेवली. "मीच बंद केली. गव्हाचा रस देत होते."

"काय मावशी! घरात शेळी बांधलीय का, गवतावर ठेवायला?"

बाकावरच्या बायका हसल्या. मग सिस्टर हळू बोलली, "रस वाईट न्हाई. पण त्यात जे हाय ते पालकात बी हाय. एवढ्याशा पेल्यानं वाटीभर भाजीची बी बरोबरी होत न्हाई. आता लोहाचं इंजेक्शन घ्यावं लागंल. गोळ्या, डाळ, भाजी, वर लिंबू. असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतंल."

इंजेक्शन घेऊन येताना बाजारातून तांदुळजाच्या दोन जुड्या घेतल्या. लसूण घालून परतल्या, भाकरीसोबत वाढल्या. आरती ताटाला हात लावेना.

"आत्या, नेम बाळासाठी धरला ना तुम्ही? मोडला आन् काही झालं तर?"

ही भीती मीच तिच्यात घातली होती.

मी तिच्यासमोर बसले. तिच्याच ताटातली भाकरी मोडून, भाजी लावून पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. तो गिळवेना.

"खा," मी म्हणाले, मान वर न करता.

तिनं भाकरी मोडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं मी पाणी प्याले.