दर्शनी भागात

"काकू, हसू नका. सरकारी फोटो हाय."

"हसून नाही राहिली, बापू. माह्यं तोंडच असं हाय."

प्रफुल्लने मोबाईल पुन्हा वर धरला. रत्नमालाने ओठ आवळले, पदर सारखा केला आणि मतदार ओळखपत्राला शोभेल असा चेहरा करून दाखवला. लाखांदूरच्या बसस्टँडसमोर प्रफुल्लचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सगळं एका खुर्चीवर बसून मिळायचं. रत्नमाला खाद्य परवान्यासाठी आली होती. कायद्याच्या भाषेत ती लहान धंद्याची नुसती नोंदणी, पण गावात सगळे तिला लायसनच म्हणत.

"धंद्याचं नाव?"

"रत्नमाला भोजनालय. पाटीवर हाय ना."

"हो. आन मालकाचं पूर्ण नाव?"

"रत्नमाला मंगरू गजभिये."

प्रफुल्लची बोटं तडतडा चालणारी. 'रत्नमाला मंगरू'पर्यंत ती चालली आणि मग क्षणभर थांबली. त्याने समोरचं आधार कार्ड पाहिलं, आडनाव टाइप केलं आणि खाली मान घालूनच म्हणाला, "बाराले येतो जेवायले." तो रोज बारालाच येई, आजच सांगायचं काही कारण नव्हतं. रत्नमालाला ते कळलं आणि पोरगं बरं आहे, असं तिला वाटलं.

आडनाव पाटीवर नव्हतं. तिने लपवलं होतं असं नाही. कोणी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. भंडाऱ्याकडे गजभिये म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. बौद्ध, आणि बौद्ध होण्याआधी कोण, तेही सगळ्यांना ठाऊक. पण बसमधून उतरून भुकेजलेला माणूस आधी ताटाकडे पाहतो. अठरा वर्षं तिने मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात स्वयंपाक केला होता. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा ते वसतिगृहाचं गाव गोंदियाकडे गेलं, वसतिगृह रडतखडत चालत राहिलं आणि मग एक दिवस बंदच झालं. हाताशी जे होतं ते घालून नवराबायकोने स्टँडजवळ निर्मलाबाईंची खोली भाड्याने घेतली. त्याला आता आठ महिने झाले होते. दुपारी चाळीस ताटं उठायची. वरण, भात, वांग्याचा रस्सा आणि चुक्याची आंबट भाजी. त्या भाजीसाठी तहसीलचे बाबू साहेबांच्या आधी जेवायला निघत.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत कोणीतरी सांगितलं की यंदा तपासणी होणार, लायसन काढून घ्या. सगळ्यांनी "पाहू, पाहू" म्हटलं. रत्नमाला दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रफुल्लकडे हजर. तिचा बाप एकोडीचा शेतमजूर, त्याने लेकीला इस्टेट म्हणून एक वाक्य दिलं होतं: "कागद पक्का ठेव पोरी. कागद असला का आपल्याले कोनी ऊठ म्हनू शकत नाही." ती या वाक्यावर जगत आली होती.

प्रफुल्लने सांगितलं म्हणून तिने आणि नवऱ्याने, मंगरूने, दवाखान्यात जाऊन तपासणीही करून घेतली. डॉक्टरांनी शिक्का मारून लिहून दिलं, कोणताही संसर्गजन्य रोग नाही, अन्न हाताळण्यास योग्य. रत्नमालाने ते मंगरूकडून दोनदा वाचून घेतलं.

"पाहा," ती म्हणाली, "लिहून देल्लं."

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. वर चौदा आकडी नंबर, बाजूला तिचा न हसणारा फोटो, खाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव. प्रफुल्लने छापून देताना सांगितलं, "काकू, दर्शनी भागात लावायचा नियम हाय. मंजे गिऱ्हाइकाले दिसला पाहिजे." तिने फोटोवाल्याकडून त्याला काच आणि चौकट करून घेतली.

मंगरू कमी बोलणारा माणूस. कांदा चिरायचा, पाणी भरायचं, ताटं उचलायची आणि बायकोचं ऐकायचं, एवढं त्याचं काम. त्या दिवशी मात्र तो चौकट हातात धरून उभाच राहिला.

"आतमंदी लावू. तेलाच्या पिप्यावर."

"काहून?"

"तुले समजत नाही काय, काहून ते?"

"समजते. म्हनूनच समोर लावतो." तिने कमरेवर हात ठेवले. "आठ महिने जेवले ना लोकं? कोनाचं पोट दुखलं? कोनाची जात पातळ झाली? आता कागद पाहून का ओकनार हायेत?"

मंगरूने स्टुलावर चढून खिळा ठोकला. चौकट थोडी वाकडी लागली होती, ती तिने स्वतः सरळ केली.

मंगळवारी गोमाजीभाऊ आले. साठीपलीकडचा शेतकरी, शेजाऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तहसिलात केस चालू, महिन्यातून दोन मंगळवार तारखेला यावं लागे. आले की कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, आंबट भाजी दोनदा मागायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "माह्या मायच्या हाताले अशी चव होती, बाई." रत्नमाला त्यांना भात जरा दाबूनच वाढायची.

त्या दिवशी ताट यायला वेळ होता. माणूस रिकामा बसला की भिंतीवर जे असेल ते वाचतो. गोमाजीभाऊंनी खिशातून चष्मा काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. अर्ध्यावर आवाज बंद झाला, ओठ तेवढे हलत राहिले.

रत्नमालाने ताट ठेवलं.

"बाई, तुमचं माहेर कोनतं म्हनलं होतं?"

"एकोडी."

"एकोडीत कोनाकडच्या?"

हा प्रश्न कशाचा असतो ते तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने भाजीचा चमचा खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, "बौद्ध मोहल्ल्यातली. डोमा रामटेक्याची पोरगी."

"हं," गोमाजीभाऊ म्हणाले. चष्मा काढला, मिटला, परत खिशात ठेवला. समोर भाताची वाफ निघत होती. "अरे बाप्पा! आज मंगळवार ना? मले उपास हाय आज. ध्यानातच नाही राहिलं पाहा."

"उपास?"

"हो ना. म्हातारपन." त्यांनी ताटाचे पैसे टेबलावर ठेवले.

"जेवलेच नाही तं पैसे कायचे?"

"असू द्या, असू द्या." दोन्ही हात जोडले, पायताण घातलं आणि गेले. आठ महिन्यांतल्या तारखेच्या सगळ्या मंगळवारी ते इथे जेवले होते. मंगरूने ताट आत नेलं.

त्या महिन्यात लाखांदूरच्या पोटांना काय झालं होतं कोण जाणे. बँकेच्या शिपायाला आम्लपित्त झालं. गॅरेजवाल्यांच्या बायका एकाएकी घरून डबे द्यायला लागल्या. तहसीलच्या दोघांना डॉक्टरांनी आंबट बंद सांगितलं, आणि पक्षकारांच्या बसगाड्या नेमक्या साडेअकरालाच सुटायला लागल्या. कोणी वाईट बोललं नाही. उलट रस्त्यात भेटले की पूर्वीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करत, पोराबाळांची चौकशी करत. चाळिसाची पंचवीस ताटं झाली, मग बारा. शिजवून उरलेलं अन्न संध्याकाळी मंगरू वस्तीतल्या घरांत देऊन यायचा आणि रिकामं पातेलं घासताना तोंड फिरवून बसायचा.

"शिवी देली असती ना कोनी," एका दुपारी रत्नमाला प्रफुल्लला म्हणाली, "तं सरळ ठान्यात गेली असती. कलम हाय त्याले. पन मानूस म्हन्ते उपास हाय. उपासाले कोनतं कलम लावू, सांग ना बापू?"

प्रफुल्ल भात कालवत राहिला. दिवसभर लोकांचे फॉर्म भरून त्याला पुष्कळ कलमं पाठ होती, पण हे त्यात नव्हतं.

"मीच म्हनलो होतो काकू, दर्शनी भागात लावा म्हनून," तो खाली पाहून म्हणाला. "आत लावा ना. कोनी नाही येत पाहाले. सगळे तसेच करतात."

"तुह्या कायचा दोष त्यात? तू नियम सांगितला." तिने त्याला आणखी भाजी वाढली.

निर्मलाबाईही एकदा येऊन गेल्या. घरमालकीण, मनाने मऊ. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मले काही नाही वो रत्नमाला. मी तं लोकाइचं सांगतो. तो कागद काढून टाक, दोन महिन्यात इसरतात लोकं. कायले उगाच आपल्या पोटावर पाय?" रत्नमालाने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. निर्मलाबाईंचा चहा नुकताच झाला होता.

त्यानंतर तीन दिवस रत्नमालाने चौकट आत ठेवली. हे ती आजही कोणाला सांगत नाही. तेलाच्या पिप्यावर, भिंतीकडे तोंड करून. बाहेर खिळा तेवढा राहिला, आणि आलेल्या चार माणसांनी त्या खिळ्याकडेही असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईक वाढलं नाही. गावात एकदा गेलेली गोष्ट भिंतीवरून काढून परत येत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, पण पोटाने करायला लावलं. आपण बापाची मान खाली केली, असं वाटून ती त्या रात्री जेवली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने काच ओल्या फडक्याने पुसली आणि चौकट होती तिथे लावली.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून तपासणीचे साहेब आले. खबर त्यांच्या गाडीच्या आधी पोचली आणि ओळीतल्या तीन हॉटेलांनी भर दुपारी शटर ओढून घेतलं. साहेबांनी रत्नमालाचं स्वयंपाकघर पाहिलं, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, नखं पाहिली, पिठाच्या डब्यात वाकून पाहिलं. मग बाहेर येऊन प्रमाणपत्रासमोर उभे राहिले.

"वा! असं पाहिजे," ते म्हणाले. "बरोबर दर्शनी भागात. सगळ्या तालुक्यात पहिलं पाहतोय असं. स्वच्छताही उत्तम." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. "आज गर्दी नाही?"

"नाही," रत्नमाला म्हणाली. "साहेब, जेवून जा ना. आंबट भाजी हाय. गरम हाय."

"नाही ताई, तपासणीला आल्यावर खाता येत नाही. नियमात बसत नाही."

साहेब हसून म्हणाले होते, चांगलं म्हणाले होते. तसा नियम असेल. असणारच. पण आता कोणी 'नाही' म्हटलं की त्यातलं खरं 'नाही' कोणतं, ते तिला ओळखू येईनासं झालं होतं, आणि या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. साहेबांचा नाही. स्वतःचाच, आणि आणखी कोणाचा ते तिला नेमकं सांगता येईना.

पावसाळा सरत आला तेव्हा गिऱ्हाइकांपैकी रोजचा म्हणावा असा एकटा प्रफुल्ल उरला होता. अधूनमधून एखादा परगावचा माणूस यायचा, भिंत न वाचता जेवायचा आणि भाजीची तारीफ करून बसमध्ये बसायचा. अशा माणसाकडे रत्नमाला तो जेवत असेपर्यंत पाहत राहायची.

एक दिवस अकराच्या सुमाराला गोमाजीभाऊ दारात उभे. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी, हातात मिठाईचा खोका. ऊन होतं आणि चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"जिंकलो, बाई! धुरा माह्याकडं निघाला. हुकूम झाला."

"अरे वा! चांगलं झालं, गोमाजीभाऊ."

"म्हनून पयला पेढा तुमाले. अजून देवाले बी नाही देल्ला. तुमच्या हातचं जेवूनच इतल्या तारखा काढल्या मी. नाहीतं हे मानूस उन्हातान्हात कवाच पडलं असतं." त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं असतं तर रत्नमालाला सोपं गेलं असतं.

त्यांनी खोका पुढे केला. तिने पदराला हात पुसून एक पेढा घेतला.

"बसा ना," ती म्हणाली. "आता भात टाकतोच. आज तं जेवून जा, एवढी खुशीची गोस्ट हाय."

गोमाजीभाऊंनी आत पाहिलं, कोपऱ्यातल्या त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग खोक्याचं झाकण लावत म्हणाले, "घरी वाट पाहून राहिले ना, बाई. सगळेच वाट पाहून राहिले." आणि तिच्याकडे न बघता उन्हात उतरले.

त्यांची बस एकला होती. रस्ता ओलांडून ते समोरच्या हॉटेलात शिरले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पोऱ्याने आणलेलं पाणी घटाघटा प्याले. तिच्या दारातून सगळं दिसत होतं. हातातल्या पेढ्याचं काय करावं, हे तिला थोडा वेळ सुचेना. टाकून द्यावा असं एकदा वाटलं. पण अन्न होतं, आणि माणसाने जीव लावून दिलं होतं. तिने तो पेढा तिथेच उभ्या उभ्या, पूर्ण खाल्ला.

साकोलीची बस लागली. माणसं उतरली, इकडेतिकडे पाहत पांगली.

"भात किती टाकू?" आतून मंगरूने विचारलं.

"तिघायचा टाका. बाराले प्रफुल्ल येते ना," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला आत गेली.