अठरा मिनिटांचं स्टेडियम

मी एक जुना भोंगा आहे. मुठीत धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. सध्या माझा मुक्काम एका शिंप्याच्या दुकानात, अस्तराच्या गठ्ठ्यांवर आहे. मित्रांनो, मित्र मी फक्त तुम्हा मुलांना म्हणतो. मोठ्या माणसांची तोंडं मी वीस वर्षं फार जवळून पाहिली आहेत, अगदी दातांच्या फटींपर्यंत. त्यांच्याशी मैत्री करावी असं तिथं काही आढळलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईनं माझ्या पोटात तारा जोडल्या, 'हॅलो, हॅलो' म्हणून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. इतकं मुद्द्याचं माझ्यातून पुढे क्वचितच कुणी बोललं. मग फुटबॉल संघाच्या चाहत्यांच्या मंडळानं मला विकत घेतलं.

मंडळाच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. त्यानं जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण ओरडण्यात पुढे. दर सामन्याला तो मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा आणि माझ्यातून घोषणा द्यायचा. चार हजार माणसं त्याच्यामागे ओरडायची. गोल झाला की तो शेजाऱ्याला विचारायचा, "कुणी मारला रे?" माझं कौतुकही भारी व्हायचं. भोंगा असला की संघ जिंकतो, असं लोक म्हणायचे. मी असतानाही संघ बहुतेक वेळा हरायचा, पण ते कोण लक्षात ठेवतो!

त्या सगळ्या गर्दीत कामाचा माणूस एकच होता, शिंपीकाका. मंडळाचा तीस हात लांबीचा झेंडा त्यांनी शिवलेला. कुठं उसवला की टाके घालणारेही तेच. त्यांचे गुडघे गेलेले, घरी गाडी नाही. पण जुनं मैदान दुकानापासून दोनच गल्ल्या पलीकडे. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी पाचला ते दुकान बंद करायचे आणि काठी टेकत निघायचे. काकू काजं करता करता म्हणायच्या, "निघाली स्वारी सासरी!" एकतीस वर्षं हे असं चाललं. त्या माणसाला दुसरी हौस म्हणून नव्हती.

मग संघाच्या मालकांना नव्या स्टेडियमची हुक्की आली. जुनं मैदान पाडून तिथंच बांधायचं, की शहराबाहेर, हमरस्त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीजवळ? मालक म्हणाले, चाहते सांगतील तसं करू. झालं! घरात पडदा कुठल्या रंगाचा लावायचा हेसुद्धा ज्यांना कुणी विचारत नाही, ते शहराचा नकाशा पसरून बसले. मंडळात एक विमा विकणारा होता. तो म्हणाला, "जुन्या जागेवर दुप्पट खर्च येईल. तिकिटं महागतील." दुसरा म्हणाला, खाणीजवळ तीन हजार गाड्या उभ्या राहतील. मग खुर्च्या निळ्या हव्यात की पांढऱ्या, यावर दीड तास भांडण झालं. एकानं तर रागानं चहाचा कप फोडला. माणसं तिथवर पोचणार कशी, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

शेवटी जागा पाहून यायचं ठरलं. रविवारी सकाळी सात वाजता सहा गाड्या निघाल्या. शहरातल्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. विमावाल्यानं घड्याळ लावलं होतं. खाण आली तसा तो ओरडला, "अठरा मिनिटं!" कप्तानानं लगेच मला तोंडाशी धरून ती बातमी सगळ्या खाणीला ऐकवली. ऐकायला तिथं दोन बकऱ्या होत्या.

शिंपीकाका पहिल्या बसनं निघाले होते. बस हमरस्त्याच्या नाक्यापर्यंतच जाते. पुढचे चार किलोमीटर ते ट्रक चुकवत, कडेच्या खडीवरून चालत आले. ते पोचले तेव्हा फोटो काढून झाले होते, पाच गाड्या परतही गेल्या होत्या. कप्तान शेवटच्या गाडीत बसत होता. "काय काका, उशीर केलात!" तो म्हणाला. काका गाडीपाशी आले, पण मागच्या सीटवर एकच जागा उरली होती आणि तिथं झेंडा ठेवलेला. "मांडीवर घेतला तर चुरगळेल हो," कप्तान म्हणाला. काका म्हणाले, "असू दे, असू दे." आणि आले तसे चालत परत निघाले.

पुढच्या शनिवारी मतदान होतं. मंडळाचा नियम असा की ज्याच्या हातात भोंगा, त्यानंच बोलायचं. नियम चांगला आहे. फक्त माझा खटका बोलताना दाबून धरावा लागतो. सोडला की मी मुका. हे रोज बोलणाऱ्यांना ठाऊक होतं. काकांनी मला इतक्या वर्षांत कधी हातात घेतलं नव्हतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी जपून धरलं आणि बोलू लागले.

"मी बसनं गेलो होतो. एक तास पन्नास मिनिटं लागली. परतीची शेवटची बस सव्वासातला सुटते आणि सामना संपतो आठला. मग माझ्यासारख्यांनी यायचं कसं? मला सामने सोडायचे नाहीत हो."

हे मी ऐकलं. पहिल्या रांगेनं ऐकलं. मागच्या तीनशे जणांना फक्त एक म्हातारा भोंग्यात पुटपुटताना दिसला आणि ते फिदीफिदी हसले. कप्तान शेजारीच हाताची घडी घालून उभा होता. खटका दाबलेला नाही हे त्याला दिसत होतं. एक बोट पुढे करायचं काम, पण ते त्यानं केलं नाही. "वेळ संपली, काका," म्हणत त्यानं मला काढून घेतलं, खटका दाबला आणि गरजला, "अठरा मिनिटं!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! सगळे हात वर गेले. मला त्या हातांची किळस आली, आणि माझ्या आवाजाचीही.

तीन वर्षांनी खाणीजवळ स्टेडियम उभं राहिलं. दिसायला झकास आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पहिला सामना बुधवारी संध्याकाळी होता. अठरा मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला, कारण सगळं शहर गाड्या घेऊन त्याच वाटेनं निघालं होतं. विमावाला मधल्या सिग्नलवर अडकला आणि पहिला गोल त्यानं रेडिओवर ऐकला. दारावर रखवालदारानं कप्तानाला अडवलं.

"भोंगा आत चालत नाही."

"अरे, हे स्टेडियम आम्ही आणलंय!"

"बरं केलंत. भोंगा बाहेर ठेवा."

जिच्यासाठी माझा घसा वापरला, त्या जागेत मलाच प्रवेश नाही! सामनाभर मी छत्र्यांच्या टोपलीत पडून होतो. शिंपीकाका आले नव्हते. ते कधीच आले नाहीत.

दोन महिन्यांनी कप्तान त्यांच्या दुकानात उगवला. काखेत झेंडा होता, खाणीकडच्या वाऱ्यानं मधोमध उसवलेला. पिशवीत मी होतो, पट्टा तुटलेला.

"काका, तेवढी शिवण घालून द्या. आणि हल्ली दिसत नाही तुम्ही? विसरलात वाटतं आम्हाला!"

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "येतील की. तू पाठुंगळी घेऊन जातोस का?"

कप्तान हसला. "अहो, एवढी अडचण होती तर आधी बोलायचं ना, काका. मंडळानं काहीतरी केलं असतं."

मित्रांनो, हे तो त्याच तोंडानं बोलला. काकांनी झेंडा हातात घेतला, उसवलेल्या जागेवरून बोट फिरवलं, व्यवस्थित घडी घातली आणि परत दिला.

"झेंड्याचं काम मी आता घेत नाही."

"अहो, पण हा तुम्हीच शिवलेला..."

"पँटचं माप द्यायचंय का तुला? नाही ना? मग जरा बाजूला हो. गिऱ्हाईक खोळंबलंय."

कप्तान पाय आपटत गेला. मला तिथंच विसरला.

अशा आत्मकथेच्या शेवटी आमच्यासारख्यांनी म्हणायचं असतं की मला पुसा, मला जपा. मला नका जपू. माझ्यात बॅटरी घातली नाहीत तर शहराचं भलंच होईल. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि तुमच्यासमोरही कुणीतरी नकाशा पसरेल. तेव्हा ज्या जागेसाठी मत द्यायचं, तिथं आधी कामाच्या दिवशी, थकल्यावर, बसनं जा. गुडघे दुखणाऱ्या एखाद्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याच्या चालीनं चाला. मग त्याला घरी आणून सोडा. एवढं करायचं नसेल तर हात वर करू नका, खिशात ठेवा.